लकव्याचा रुग्ण दारात येतो तेव्हा: तालुक्याच्या गावातल्या फिजिशियनसाठी

एका तरुण फिजिशियनने विचारलं आहे: "मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात माझं वीस खाटांचं रुग्णालय आहे, त्यात पाच खाटांचा आयसीयू. सीटी स्कॅन रस्त्यापलीकडे, पण रात्री टेक्निशियन घरी जातो. न्यूरोलॉजिस्ट ९५ किलोमीटरवर. महिन्याला लकव्याचे दहा-बारा रुग्ण येतात आणि मी त्यांना आल्या पावली पुढे पाठवतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच द्यावं का? त्यासाठी काय उभं करावं लागेल? आणि रक्तस्राव झाला तर नातेवाइकांना काय तोंड दाखवू?"

डॉक्टर, इंजेक्शन इथेच द्या. पण आधी तुमच्याच आकड्याकडे नीट पाहा. दहा-बारांपैकी वेळेत पोचणारे, सीटीत रक्तस्राव नसलेले आणि इंजेक्शनला चालणारे असे महिन्याला एक किंवा दोन निघतील. उरलेल्या दहांचं काय? त्यांना आज तुमच्या दारातून ९५ किलोमीटरचा रस्ता मिळतो. मी चोवीस वर्षं न्यूरोलॉजी करतो आहे, त्यातली बरीच वर्षं जिल्ह्याच्या गावी. या दहांसाठी जे उभं कराल त्यातूनच त्या दोघांचं इंजेक्शन वेळेत जाईल, असा माझा अनुभव आहे. म्हणून उत्तर लांबलं तरी क्रमाने सांगतो.

पुढे पाठवण्यात काय जातं ते आधी बघू. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, हा हिशेब आपण सगळ्यांनी कधीतरी परीक्षेत लिहिला आहे. आता तो तुमच्या रस्त्यावर मांडा. गाडी मिळायला अर्धा तास, पैशांची जमवाजमव, दोन तासांचा प्रवास, शहरात गेल्यावर 'खाट नाही' म्हणून दुसरं रुग्णालय, मग सीटी. इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत रस्त्यातच संपते. आणि सगळे शहरात पोचतातच असंही नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने खेड्यांमधल्या मृत्यूंची गावोगाव नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूंचं पहिलं कारण लकवा निघालं, साधारण सातातला एक मृत्यू, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले. पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जण वाटेतूनच घरी वळले, याची नोंद आपण कोणीच ठेवत नाही.

सुरुवात वेळेपासून करा. 'झटका कधी आला?' असं विचारलंत की नातेवाईक 'कधी पाहिलं' ते सांगतात. तुम्हाला हवी असते 'शेवटचं नीट कधी पाहिलं' ही वेळ. एका उन्हाळ्यात सकाळी पावणेआठला एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. 'रात्री दहाला झोपले, सकाळी सातला उठवायला गेले तर असे.' म्हणजे पावणेदहा तास उलटले, विषय संपला, असं आमच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, लिहूनही टाकलं होतं. मी विचारलं, 'रात्रीची लाईट होती का?' होती. 'मग पाणी द्यायला गेले होते?' तेव्हा बाईंना आठवलं. पहाटे पाचला ते मोटार चालू करून आले, हातपाय धुतले, 'बारं लावलंय, तासाभराने उठव' म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. म्हणजे सव्वापाचला माणूस धडधाकट होता. सीटी होऊन आठ वाजून वीस मिनिटांनी इंजेक्शन गेलं, वेळेत. तेव्हापासून आमच्या कॅज्युअल्टीच्या कागदावर प्रश्नच तसे छापले आहेत: पहाटे लघवीला उठले होते का, कुणाच्या आधाराशिवाय गेले का, गाईचं दूध कोणी काढलं, सकाळचा चहा कोणाच्या हातून घेतला, मोबाईलवर शेवटचा फोन किती वाजता आणि तेव्हा बोलणं स्पष्ट होतं का. फोनची यादी तर नातेवाइकांसमोर उघडून बघा, तिथे मिनिटासकट वेळ असते.

यातले बरेच प्रश्न तुमच्या आधी दुसरं कोणीतरी विचारू शकतं, आणि ते महत्त्वाचं आहे. रुग्ण येतो तेव्हा त्याला पहिला भेटतो गेटवरचा मामा, मग सिस्टर, मग तुम्ही. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, एवढं मामाला दाखवून शिकवा. असा रुग्ण दिसला की त्याने केसपेपरसाठी न थांबवता आत घ्यायचं आणि सिस्टरने तुम्हाला फोन करायच्या आधी सीटीवाल्याला फोन करायचा. हा क्रम उलटा वाटेल, पण तुम्ही पोचेपर्यंत तुमच्या हातात काही नसतं. टेक्निशियन मात्र तेवढ्यात घरातून निघालेला असतो. आमच्याकडे सर्वात जास्त मिनिटं याच एका फोनने वाचली.

टेक्निशियन यायच्या आत तीन गोष्टी होतात. पहिली साखर, ग्लुकोमीटरवर, लगेच. इंजेक्शनच्या आधी अडून बसायची एकच रक्ततपासणी असेल तर ती ही. प्लेटलेट, क्रिएटिनिन, पीटी यांचे नमुने पाठवा, पण रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत नसेल आणि रक्ताचा काही आजार माहीत नसेल तर रिपोर्टची वाट बघू नका. साखरेचं एवढं का सांगतो? आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा डावी बाजू लुळी म्हणून आले. दिवसभर निर्जळी आणि मधुमेहाची ग्लिमेपिराईडची गोळी मात्र नेमाने घेतलेली. साखर ३४. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं आणि दहा मिनिटांत डावा हात उचलून त्यांनी नमस्कार केला. मशीन हाताशी नसतं तर सीटी नॉर्मल बघून त्यांना गुठळीचं औषध गेलं असतं.

दुसरी गोष्ट बीपी, आणि इथे तुम्हाला तुमच्याच गावातल्या सवयीशी झगडावं लागेल. लकवा आला, बीपी २००/११०, की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची, हे आजही सर्रास चालतं. रक्त कमी मिळाल्याने जो भाग धडपडतो आहे त्याचा उरलासुरला पुरवठाही अशा एकदम पडलेल्या बीपीने तुटतो. गुठळीच्या लकव्यात इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणा, लेबेटॅलॉल शिरेतून १० मिलिग्रॅम एक-दोन मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा. दम्याचा रुग्ण किंवा मंद नाडी असेल तर जपून. इंजेक्शननंतर चोवीस तास १८०/१०५ च्या खाली. इंजेक्शन द्यायचंच नसेल तर २२०/१२० पर्यंत पहिले एक-दोन दिवस हात लावायची सहसा गरज नसते. गावातल्या जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना एकदा चहाला बोलावून हे सांगा: कॅप्सूल नको, सीटीआधी अॅस्पिरिन नको, तोंडाने पाणीही नको, फक्त तुम्हाला फोन आणि गाडीत बसवणं. ते सगळे तुमच्यापेक्षा जुने असतील. आदराने सांगितलं की ऐकतात. माझ्या भागात अशा दोन बैठकांनी जे साधलं ते भिंतीवरच्या फलकांनी कधी साधलं नव्हतं.

तिसरी गोष्ट वजन. 'साठ असेल' हा नातेवाइकांचा अंदाज दहा किलोने चुकतो आणि डोस किलोवर ठरतो. आम्ही जुना धान्याचा प्लॅटफॉर्म काटा घेतला, स्ट्रेचरसकट वजन करायचं आणि स्ट्रेचरचं वजा करायचं. स्ट्रेचरचं वजन काट्याच्या खांबावर रंगाने लिहिलेलं आहे.

सीटीत रक्तस्राव नाही, वेळ साडेचार तासांच्या आत, आणि लकवा माणसाला अधू करणारा आहे, असं जमलं की औषध. लकव्याच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर गुण किती यापेक्षा 'अधू करणारा आहे का' हा प्रश्न मला जास्त उपयोगी पडतो. नुसता चेहरा किंचित वाकडा असेल तर इंजेक्शनने फायदा होत नाही. पण शिंप्याचा उजवा हात गेला तर मोजपट्टीवरचे गुण दोन असले तरी त्याचं घर बसतं.

औषधं दोन. अल्टेप्लेस: किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०, त्यातले दहा टक्के मिनिटभरात आणि उरलेलं तासाभरात सिरिंज पंपावर. साडेचार तासांचा आधार आधी यालाच मिळाला, १९९५ च्या अमेरिकी चाचणीने तीन तास आणि २००८ च्या युरोपीय चाचणीने साडेचार. दुसरं टेनेक्टेप्लेस, एकदाच शिरेतून, पंप नको, तासभर थांबणं नको. तालुक्याच्या गावासाठी मी हेच सुचवेन. हे आपल्या पुण्यातही बनतं आणि परवडायला तुलनेने सोपं. जगभरच्या मोठ्या चाचण्यांत किलोला ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५ असा डोस आहे. आपल्याकडे मान्यता ०.२ वर मिळाली. तुमच्या व्हायलचं माहितीपत्रक वाचा, तुमचा डोस एकदाच ठरवा आणि वजनानुसार तक्ता करून औषधाच्या डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा. हे का, तर हार्ट अटॅकसाठी याच औषधाचा डोस ३० ते ५० मिलिग्रॅम असतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आयसीयूत दोन्ही व्हायल एकाच फ्रीजमध्ये शेजारी असतात आणि रात्री अडीचला सिस्टरच्या हाताला हार्टचा डोस पाठ असतो. लकव्याची व्हायल वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा आणि डोस दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. आणि औषध तुमच्याकडेच ठेवा. मध्यरात्री नातेवाइकाला 'मेडिकलमधून आणा' म्हणण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. पैसे नंतर घ्या.

आता रक्तस्रावाची भीती. ती खरी आहे आणि ती नातेवाइकांपासून लपवली की वाढते. १९९५ च्या चाचणीत औषध मिळालेल्या शंभरातल्या साधारण सहांना मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव झाला. त्याच चाचणीत, औषध न मिळालेल्यांपेक्षा शंभरात सुमारे बारा जास्त जण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे होते, आणि मृत्यू वाढले नाहीत. मी घरातल्या दोन माणसांना बाजूला घेतो आणि सांगतो, 'मेंदूची नळी तुंबली आहे. ती उघडायचं औषध आहे. शंभर जणांना दिलं तर दहा-बारा जास्त माणसं स्वतःच्या हाताने जेवायला लागतात. पाच-सहा जणांना डोक्यात रक्त उतरू शकतं, त्यात जीवही जाऊ शकतो. माझ्या वडिलांना असं झालं असतं तर मी दिलं असतं. तुम्ही पाच मिनिटांत ठरवा, मी इथेच उभा आहे.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. हे सगळं वेळेसकट कागदावर लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा. इतक्या वर्षांत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या घरचे माझ्यावर रडले आहेत, रागावलेही आहेत, पण 'सांगितलं नाही' असं कोणी म्हटलेलं नाही. जिथे हाणामारीपर्यंत गेलेलं मी पाहिलं, तिथे बहुतेक वेळा आधी कोणी बोललेलं नव्हतं.

देऊन झाल्यावर बघणं. दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तास होईपर्यंत दर तासाला. एकूण ३६ नोंदी: बीपी, शुद्ध, हातापायाची ताकद. मध्येच डोकं दुखू लागलं, उलटी झाली, बीपी उसळलं किंवा सुधारलेला हात पुन्हा पडला, तर अल्टेप्लेस चालू असेल तर बंद, आणि सीटी. रक्तस्राव निघाला तर रक्त गोठायला मदत करणारं क्रायोप्रेसिपिटेट (क्रायो) किंवा ट्रानेक्झामिक अॅसिड आणि न्यूरोसर्जनला फोन. क्रायो तुमच्याकडे नसणार. जवळच्या कोणत्या रक्तपेढीत मिळतं ते आजच विचारून ठेवा. जीभ किंवा ओठ सुजताहेत का तेही बघत राहा, विशेषतः बीपीसाठी एनालाप्रिल, रामिप्रिल घेणाऱ्यांत. चोवीस तासांनी पुन्हा सीटी, आणि तो स्वच्छ असेल तरच अॅस्पिरिन.

मोठी नळी तुंबल्याची चिन्हं असतील, म्हणजे अख्खी बाजू पडलेली, नजर एका बाजूला ओढलेली, बोलणं पूर्ण बंद, तर इंजेक्शन द्या आणि त्याच क्षणी शहराकडे रवाना करा. मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन गुठळी काढता येते. २०१५ साली लागोपाठ पाच चाचण्यांनी ते सिद्ध केलं आणि २०१८ च्या दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांत मुदत चोवीस तासांपर्यंत नेली. अशांसाठी ९५ किलोमीटर जायलाच हवं. गाडी हलायच्या आधी सीटीचे फोटो आणि शेवटचं नीट पाहिल्याची वेळ तिकडच्या डॉक्टरच्या मोबाईलवर पोचलेली असू दे. तसंच साठीच्या आतला रुग्ण, मेंदूचा मोठा भाग गेलेला आणि आता पेंगायला लागलेला, अशाला कवटीचं हाड काढून जागा करून देणारी शस्त्रक्रिया पहिल्या ४८ तासांत वाचवते. तो बेशुद्ध पडेपर्यंत थांबू नका.

इथपर्यंतचं तुम्ही पुस्तकातून जमवलं असतंच. पुढचं मात्र मी फार मोठी किंमत मोजून शिकलो.

२००९ च्या सुमारास मी ज्या रुग्णालयात काम करत होतो तिथे एक निवृत्त शिक्षक आले, उजवी बाजू आणि वाचा गेलेली. एक तास चाळीस मिनिटांत औषध गेलं. संध्याकाळी त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडून दाखवली. आम्ही सगळे हरखलो होतो. मी घरी गेलो आणि रात्रीसाठी बीपीची गोळी लिहून गेलो. सिस्टरने गोळी दिली, घोटभर पाण्याबरोबर. थोडं खोकले, मग शांत झोपले. तिसऱ्या दिवशी ताप, चौथ्या दिवशी उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा, नवव्या दिवशी ते गेले. हात सुधारला होता, घसा सुधारला नव्हता, आणि तो मी तपासला नव्हता. गिळण्याची तपासणी नावाची गोष्ट त्या वॉर्डात नव्हती. ती असायला हवी हे बघणं माझं काम होतं. त्यांच्या पत्नीने मला विचारलं होतं, 'सर, हात तर हलायला लागला होता ना?' तो प्रश्न अजून माझ्याजवळ आहे.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक लकव्याच्या रुग्णाच्या उशाशी लाल पाटी लागते: 'तोंडाने काही नाही, गोळीसुद्धा'. ती काढायचा अधिकार गिळण्याची तपासणी शिकलेल्या सिस्टरला. रुग्ण जागा आणि सरळ बसलेला हवा. आधी आवाज ऐकायचा, मग खोकायला सांगायचं. मग चमचाभर पाणी, बोटं कंठावर ठेवून गिळल्याचं जाणवतं का बघायचं, असं तीनदा. जमलं तर ५० मिलिलिटर भांड्याने. खोकला आला, आवाज घोगरा-ओला झाला, ओठातून पाणी ओघळलं किंवा धाप लागली तर थांबायचं आणि नाकातून पोटात जाणारी नळी, रायल्स ट्यूब. पाच मिनिटांचं काम आहे. घरच्यांना पाटीचा अर्थ तीन-तीनदा सांगा, कारण त्यांच्या मनात 'माणूस काल दुपारपासून उपाशी आहे' एवढंच असतं. गावाकडून आलेली आत्या चहाची बशी ओठाला लावणारच, आणि ती मायेपोटी लावते. तिला रागावू नका, नळीतून चहा कसा जातो ते तिलाच दाखवा आणि पुढच्या वेळी तिच्याच हाताने द्या.

हा माझ्या एकट्याच्या दुःखातून आलेला आग्रह नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत सिस्टर मंडळींनी ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी ठरवून सांभाळल्या. २०११ साली निकाल आला: तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन शंभरात सुमारे पंधरांनी कमी. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. तुम्ही इंजेक्शनसाठी महिन्याला एक-दोन रुग्ण निवडाल. हे बाराच्या बारांना मिळतं, रक्तस्राववाल्यांनासुद्धा. दर चार तासांनी तापमान, ३७.५ च्या वर गेलं की पॅरासिटामॉल, पहिले तीन दिवस साखर ठरल्या वेळी, १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन, आणि गिळणं. सिस्टर कोण? तुमच्याकडच्या दोघी निवडा, ज्या टिकतील अशा. त्यांचा पगार वाढवा. मी पहिली बीपी मशीन घेण्याआधी हे करायला हवं होतं.

बाकी शुश्रूषेचं थोडक्यात. ऑक्सिजन द्यायचा तो सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तरच. लघवीची नळी सवयीने घालू नका. दर दोन तासांनी कूस, आणि लुळ्या हाताला धरून कधीही उठवायचं नाही, हे मावशी आणि मामांना हात धरून शिकवा. ओढलेला खांदा पुढे वर्षभर दुखतो. बसवा, पण पहिल्याच दिवशी पुन्हा पुन्हा उठवून चालवू नका. २०१५ च्या मोठ्या चाचणीत त्याने नुकसान झालं. आणि फिजिओची जागा घरच्यांना देऊन मोकळे होऊ नका. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर घरच्यांना शिकवून व्यायाम करवण्याचा प्रयोग झाला, २०१७ साली निकाल आला, फरक पडला नाही. घरचे हवेतच, पण आठवड्यातून दोनदा तरी शिकलेला माणूस बघायला हवा.

चिठ्ठीतून काय काढाल? सिटिकोलिन मोठ्या चाचणीत उपयोगाचं ठरलं नाही, २०१२ साली. स्टिरॉइड नाही. मॅनिटॉल सगळ्यांना नाही. या तीन ओळींचे पाच दिवसांचे पैसे जोडून बघा. तेवढ्यात त्या घराचा दोन महिन्यांचा फिजिओ होतो. कबुतराच्या रक्ताने मालीश करायला गेलेल्या माणसाला आपण बोलतो, आणि आपण स्वतः ज्याचा उपयोग नाही ते शिरेतून देतो, हे मला पटत नाही.

सीटीत रक्तस्राव दिसला की हात टेकू नका. आपल्या भागात न घेतलेल्या बीपीच्या गोळ्यांमुळे असे रुग्ण पुष्कळ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दहा देशांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, तासाभरात वरचं बीपी १४० पर्यंत आणणं, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा हे सगळं एकत्र केल्याने रुग्ण सुधारले. हे सगळं तुमच्याकडे आहे.

एक गट मात्र सहज निसटतो: बाळंतिणी. पंधरा दिवसांची बाळंतीण, डोकं फुटेल असं दुखतंय, मग फिट, मग एक बाजू. घरात 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावं' म्हणून तिला दिवसाला दोन भांडी पाणी. मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होते. सीटीत रक्तस्रावासारखं दिसतं आणि तरीही उपचार हेपॅरिन आहे. हे लक्षात ठेवा, शंका आली की शिरांचा फोटो काढायला पाठवा. वेळेत ओळखलं तर या मुली अगदी पूर्ण बऱ्या होतात.

'आलं आणि गेलं' अशा रुग्णाला घरी पाठवू नका. सीटी स्वच्छ असेल आणि लक्षणं किरकोळ असतील तर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही, २१ दिवस, मग एकच. प्रत्येकाच्या मनगटावर पूर्ण मिनिटभर नाडी बघा. अनियमित असेल तर ईसीजी, आणि मग स्टेथोस्कोप नीट लावा: आपल्याकडे चाळिशीतल्या बाईची मायट्रल झडप लहानपणीच्या ज्वराने आवळलेली असते आणि तिला रक्त पातळ करणारी नवी महाग गोळी नको, जुनं वॉरफरिनच हवं. २०२२ च्या चाचणीने तेच सांगितलं. तिला आयएनआर या रक्ततपासणीसाठी महिन्याला यायला एसटीचं भाडं परवडतं का, हेही विचारा.

डिस्चार्जच्या वेळी मी फाइल बंद करून एकच गोष्ट बोलतो: बीपीची गोळी. 'बरं वाटलं म्हणून बंद केली' हे दुसऱ्या झटक्याचं सर्वात नेहमीचं कारण माझ्या ओपीडीत ऐकू येतं. लक्ष्य १३०/८०. तंबाखू विचाराल तेव्हा बायकांना मशेरी वेगळी विचारा, त्या तिला तंबाखू धरत नाहीत. पंधराव्या दिवशी तुमच्या सिस्टरने फोन करायचा, रुग्णाला नाही, गोळ्या जो देतो त्या माणसाला. आणि रुग्ण गप्प गप्प असेल, जेवत नसेल, व्यायामाला नाही म्हणत असेल तर तो आळस समजू नका. लकव्यानंतरचं नैराश्य औषधाने सुधारतं.

न्यूरोलॉजिस्ट नाही म्हणून अडू नका. आसामात तेजपूरच्या बॅप्टिस्ट ख्रिश्चन हॉस्पिटलमध्ये फिजिशियननीच स्ट्रोक युनिट उभं केलं. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर फोनवर शिमला आणि टांडा इथल्या तज्ज्ञांना सीटी दाखवून इंजेक्शन देत आले, आणि तिथले घाट तुमच्या रस्त्यापेक्षा कठीण आहेत. तुम्हालाही रात्री फोन उचलणारे दोन न्यूरोलॉजिस्ट लागतील. एक मी आहे असं समजा.

क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने इंजेक्शन आणूच नका. सिस्टर, लाल पाटी, ताप, साखर, काटा आणि वेळेची वही एवढंच चालवा. वहीत चार रकाने: शेवटचं नीट पाहिलं, दारात आला, सीटी झाली, निर्णय झाला. दारापासून सीटीपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं सातत्याने दिसायला लागली की औषधाचा डबा आणा.

आणि या आठवड्यात एक करा. कोणालाही न सांगता रात्री दोन वाजता सिस्टरला टेक्निशियनला फोन करायला सांगा, तो घरातून निघून मशीन चालू करेपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा, दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला घाला, आणि तो आकडा मला कळवा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.